असेल

गेटवरच्या रजिस्टरात वॉचमननं विचारलं, नाव?
ती म्हणाली, असेल.
असेल म्हणजे? नक्की सांगा ना, मॅडम.
नक्की, ती म्हणाली, असेल.
मी भाजीची पिशवी खाली ठेवून हसले,
हे गेल्यानंतर पहिल्यांदा.

त्यांच्याकडे असेल म्हणजे मध.
मकरंद डॉक्टर व्हायला बिश्केकला गेला
आणि सहा वर्षांनी मुलुंडला परतला ते
एक पदवी, एक बायको
आणि सुतळीनं बांधलेली जाड लोकरीची वळकटी घेऊन.
शिरडक म्हणतात तिला. तिच्या आईनं तुडवून तुडवून केलेली,
तांबड्या-काळ्या रंगात मेंढ्याची शिंगं.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहितात.
माझं लिहिलं होतं वैजयंता. त्याआधी मी हौसा होते.
तिच्या वेळी मी ते तांदूळ धुतले
आणि भात टाकला.

आली ती ऑक्टोबरात.
मुंबईचा ऑक्टोबर काय असतो ते मकरंदनं सांगितलंच नव्हतं.
फ्रिज उघडून समोर उभी राहायची,
खिडकीत उभं राहावं तशी.
चहात मीठ घालायची. मी बघायचे, बोलायचे नाही.
कालवणातला पहिला बोंबील तिच्या बोटांतून घरंगळला
तेव्हा म्हणाली, हा अजून मासा झालेला नाही.

मी माणदेशातून आले तेव्हा
जवळ्याच्या वासानं महिनाभर
तोंडाला पदर बांधून स्वयंपाक केला होता.
हे तिला सांगितलं नाही.
सासूनं सगळंच सांगायचं नसतं.

पानं कधी गळणार, ती विचारायची.
डिसेंबर गेला, संक्रांत गेली.
अगं, इथल्या झाडांना सुट्टी नसते, मी म्हणायचे.
फेब्रुवारीत कंपाउंडजवळचा बदाम पेटल्यासारखा तांबडा झाला,
तळहाताहून मोठी पानं
स्कूटरींवर, टाकीच्या झाकणावर पडायला लागली
तर ही अनवाणीच खाली.
झाडायला आलेली यमुनाबाई खराटा टेकवून उभी,
हिचं वेचून कधी होतंय म्हणून.

आठवडा झाला नाही तोच त्याच फांद्यांना पोपटी कोंब.
तिला राग आला.
एवढ्या लवकर? म्हणाली. दुःख तरी करू द्यायचं.
मी ह्यांच्या चष्म्याची काच पुसत होते.
पुसत राहिले.

जूनमध्ये येऊरच्या बायका शेवळं घेऊन बसतात.
तिनं चार जुड्या आणल्या
आणि कळ्या समजून तांब्यात पाणी घालून ठेवल्या.
मी चिरायला घेतल्या तर हात धरला माझा.
मग काकडं दाखवली. म्हटलं, हे आंबट ह्यात घालायचंच,
नाहीतर घसा खाजून जीव जाईल.
म्हणजे इथं भाजीसुद्धा एकटी शिजत नाही?
ही तरी नाही, म्हटलं. जेव आता.
तीनदा वाढून घेतलं.

ऑगस्टात शिरडकाला बुरशी आली.
चपलांना येते, पट्ट्याला येते, तिच्या पासपोर्टलाही आली होती.
पण त्या लोकरीला ओल धरली आणि घरभर मेंढरू.
कापूर झाला, कडुलिंबाचा पाला झाला.
मी म्हटलं, टाकून देऊ या का?

ती त्यावर पालथी पडली होती, गाल शिंगांना लावून.
कोरडं होतं तोवर ह्याला वासच नव्हता, म्हणाली,
वर्षभर नुसती सतरंजी होती.
मी गुडघा धरत धरत शेजारी टेकले,
नाक खाली नेलं,
आणि आमच्या म्हसवडच्या माळावर
धनगराची भिजलेली घोंगडी काटकीवर वाळत होती,
मी सात वर्षांची, हौसा,
शेळीच्या दुधाचा टोप सांभाळत उभी.

किती वेळ गेला कोण जाणे. लॅच वाजलं.
मकरंद दवाखान्यातून आला आणि उंबऱ्यावरच थांबला.
आई, कसला वास येतोय?
मेंढरू, मी म्हटलं, असेल.
आणि तिनं, डोळे न उघडता,
ओ दिली.